दादाभाई नौरोजी आणि तरुणांची सभा

परकी भाषा शिकणाऱ्या मुलास व्याकरण आलें, शब्द पाठ झाले, निबंधहि लिहितां आला, तरी चार लोकांत उभें राहून त्या भाषेंत आपलें मत मांडण्याची वेळ आली म्हणजे त्याची जीभ अडखळते. त्याहूनहि अवघड गोष्ट म्हणजे दुसऱ्याचें विरुद्ध मत शांतपणें ऐकून घेणें आणि शेवटीं सर्वांनीं मिळून एका निश्चयास येणें. मुंबईच्या कांहीं तरुणांनीं ही विद्या कशी कमावली, हें दादाभाई नौरोजी यांच्या चरित्रांत उत्तम रीतीनें दिसून येतें.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजीं एका गरीब पारशी कुटुंबांत झाला. ते अवघे चार वर्षांचे असतांना त्यांचे वडील वारले. आई माणेकबाई यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. तरी त्या माउलीनें कष्ट सोसून मुलास शाळेंत घातलें. त्या शाळेंत फी द्यावी लागत नसे. लोकांच्या पैशानें मिळालेल्या शिक्षणाची फेड लोकांच्याच सेवेनें केली पाहिजे, ही भावना त्यांच्या मनांत तेथूनच रुजली. पुढें एल्फिन्स्टन संस्थेंत त्यांच्या बुद्धीची चमक पाहून सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशांनीं त्यांस कायद्याच्या अभ्यासासाठीं विलायतेस धाडण्याचा निम्मा खर्च देऊं केला. परंतु मुलगा परधर्मांत जाईल या भीतीमुळें जातीच्या पुढाऱ्यांकडून त्या बेतास पाठबळ मिळालें नाहीं. मग दादाभाई त्याच संस्थेंत शिक्षक झाले.

१८४८ सालीं या संस्थेंतील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या उत्तेजनानें ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभेची रीत साधी होती. एका सभासदानें निबंध लिहून आणावा, तो सर्वांसमोर वाचावा, आणि मग इतरांनीं त्यावर आपलें अनुकूल वा प्रतिकूल मत सांगावें. घरीं कोणी गुजराती बोले, कोणी मराठी. सभेंत मात्र शिकून घेतलेल्या इंग्रजीचा आधार असे. अशा भाषेंत बोलणाऱ्यास प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागतो, आणि ऐकणाऱ्यासहि कान देऊन ऐकावें लागतें. तथापि मूठभर इंग्रजी जाणणारांनीं आपसांत बोलून समाजाचें अज्ञान दूर होणार नाहीं, हेंहि या मंडळींनीं लवकरच ओळखलें. म्हणून ज्ञानप्रसारक या नांवानें सोसायटीच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी सभेचें अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांजकडे होतें.

सभेची खरी परीक्षा १८४९ सालीं झाली. ऑगस्ट महिन्यांत बेहरामजी गांधी या सभासदानें स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. विषय नाजूक होता. मुलींनीं शिकावें हें त्या काळीं बहुतेक घरांत कोणास रुचत नसे. निबंधाची स्तुति करून, टाळ्या वाजवून सभासद घरीं जाते, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु जें मत आपणांस पटलें तें कृतींत आणा, असें प्रोफेसर पॅटन यांनीं सुचविलें, आणि सभासदांनीं एकमतानें तें मनावर घेतलें. शाळा आपणच काढावयाच्या आणि वेतन न घेतां आपणच शिकवावयाचें, असें ठरलें.

दादाभाई या कामांत पुढें होते. ते व त्यांचे सोबती घरोघर जाऊन, आपल्या ओटीवर मुलींस शिकवूं द्या, अशी विनवणी करीत. कांहीं वडील मंडळींनीं तर त्यांस जिन्यावरून खालीं लोटून देण्याची धमकी दिली. तरी ते रागावले नाहींत. पुनः गेले, पुनः समजावूं लागले. त्याच वर्षीं शाळा सुरू झाल्या, आणि आरंभीं ४४ पारशी व २४ हिंदु मुली शिकावयास आल्या. हे तरुण सकाळीं मुलींस शिकवीत आणि मग आपापल्या नित्याच्या कामास लागत. पुढें कामा कुटुंबानें द्रव्यसाहाय्य केलें, व जगन्नाथ शंकरशेट यांनीं मराठी मुलींच्या शाळेस जागा दिली. सभेंत झालेलें एकमत अशा रीतीनें हळूहळू शहराच्या गळीं उतरलें.

पुढें दादाभाई एल्फिन्स्टनमध्यें गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. तेथें हा मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ होत. १८५५ सालीं ते विलायतेस गेले, आणि १८९२ सालीं अगदीं थोड्या मताधिक्यानें ब्रिटिश पार्लमेंटांत निवडून आले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं १८९५ सालीं नेमलेल्या वेल्बी कमिशनावर ते सभासद होते. तेथें बहुमत त्यांच्या बाजूस आलें नाहीं. तेव्हां त्यांनीं कमिशन सोडलें नाहीं, किंवा न पटलेल्या अहवालावर मुकाट्यानें सहीहि केली नाहीं. वेडरबर्न व केन या दोघां सभासदांसह आपलें भिन्न मत त्यांनीं वेगळ्या अहवालांत नोंदविलें.

१९०६ सालीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत नेमस्त व जहाल या पक्षांत फूट पडण्याचा रंग दिसत होता. त्या वेळीं उभय पक्षांस मान्य होईल असा अध्यक्ष म्हणून ८१ वर्षांच्या दादाभाईंस बोलावण्यांत आलें, आणि स्वराज्याचें ध्येय त्यांच्याच अध्यक्षतेखालीं उच्चारलें गेलें. पुढच्याच वर्षीं सुरतेस, त्यांच्या गैरहजेरींत, ती फूट पडलीच. ३० जून १९१७ रोजीं दादाभाई दिवंगत झाले.

आमच्या विद्यार्थ्यांनीं वादसभेंत उभें राहतांना हें चरित्र आठवावें. इंग्रजी चुकली तरी चालेल; चूक सुधारतां येते. परंतु दुसऱ्याचें बोलणें पुरतें न ऐकतां दिलेलें उत्तर कितीहि शुद्ध असलें तरी व्यर्थ होय. जें पटलें नाहीं तें सभ्यपणें सांगावें, आणि जें सर्वांनीं मिळून ठरविलें त्याचा भार प्रथम आपल्या खांद्यावर घ्यावा. पालकांसहि एक विनंती आहे. मूल घरीं आपलें मत सांगूं लागलें म्हणजे त्यास लगेच गप्प बसवूं नये. ऐकून घेण्याची संवय त्यास प्रथम आपल्याच घरीं लागावयाची आहे.