अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे कैवारी : डॉ. तार्निए

फ्रान्स देशातील दिजाँ शहराजवळच्या एका खेड्यात १८२८ साली स्तेफान तार्निए यांचा जन्म झाला. वैद्यकीच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. तेथील मातेर्निते या प्रसूतिगृहात बाळंतज्वराने असंख्य माता दगावत असत. हा रोग संसर्गाने पसरतो, असे तार्निए यांनी १८५७ साली आपल्या प्रबंधात आकड्यांनिशी प्रतिपादन केले. पुढे १८६७ साली ते त्याच प्रसूतिगृहाचे मुख्य शल्यवैद्य झाले.

अपुऱ्या दिवसांची बालके मात्र गारठून प्राणास मुकत. १८७८ च्या सुमारास पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी तार्निए यांच्या पाहण्यात आली. जी ऊब पिलास जगविते, ती मानवाच्या अर्भकास का जगविणार नाही? ती पेटी बनविणारे ओदिल मार्तां यांजकडून त्यांनी बालकांसाठी दुहेरी भिंतींची लाकडी पेटी करवून घेतली व १८८० साली ती प्रसूतिगृहात बसविली. तिच्या खालच्या भागातील ऊन पाण्याने वरची हवा उबदार राही.

परंतु नुसती ऊब पुरेशी नसते. मातीच्या माठातून पाझरणारे पाणी वाळताना माठाची उष्णता घेऊन जाते. त्याप्रमाणेच अपक्व बालकाच्या पातळ त्वचेतून उडून जाणारे पाणी त्याच्या अंगची ऊब हरण करते. हवा जितकी कोरडी, तितकी ही हानी अधिक. तार्निए यांचे सहकारी ओवार यांनी १८८३ साली वर्णिलेल्या सुधारित पेटीत उबदार हवा ओल्या स्पंजावरून बालकाकडे जात असे. २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांचे मृत्यूचे प्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर आले, असेही ओवार यांनी नमूद केले.

१८९७ साली तार्निए निवर्तले. पुढे १९५७ साली न्यूयॉर्क येथील सिल्व्हरमन यांच्या प्रयोगात दमट हवेतील बालके अधिक संख्येने जगली. हल्ली अत्यंत अपक्व बालकाच्या पेटीत पहिल्या आठवड्यात आर्द्रता बहुधा शेकडा ७० ते ८० राखतात, आणि त्वचा बळकट होऊ लागताच ती क्रमाक्रमाने उतरवितात. कारण फार दिवस राहिलेल्या ओलाव्यात रोगजंतू वाढतात. संसर्गाशी जन्मभर झुंजलेल्या तार्निए यांना ही सावधगिरी निश्चितच पटली असती.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांच्या जगण्याची आशा इतरांनी सोडली होती, त्या इवल्या जीवांसाठी या पुरुषाने आपली बुद्धी झिजविली. दुर्बलांची सेवा ती हीच!