गिल्बर्ट जॉन फाउलर

गिल्बर्ट जॉन फाउलर (१८६८–१९५३) हे मैलापाण्यातील जीवाणूंचा अभ्यास करणारे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ होते. सक्रिय गाळ प्रक्रियेचा उगम त्यांच्या सूचनेतून झाला. पुढे त्यांनी भारतात दीर्घकाळ काम केले.

मँचेस्टरमधील कार्य

मँचेस्टरच्या डेव्हिह्यूम येथील मैलापाणी केंद्राशी फाउलर अनेक वर्षे निगडित होते. १९१२ साली न्यूयॉर्क बंदराच्या प्रदूषणासंबंधी सल्ला देण्यासाठी ते अमेरिकेस गेले. तेथे लॉरेन्स येथील प्रयोगकेंद्रात मैलापाण्यात हवा सोडून ते निवळवण्याचे प्रयोग त्यांनी पाहिले. परतल्यावर मम्फर्ड यांच्यासह त्यांनी कोळसा खाणीच्या पाण्यातून एक जीवाणू वेगळा काढला व त्यास 'एम-७' असे नाव दिले. लोहक्षार आणि हवा मिळाल्यास हा जीवाणू मैलापाणी निवळवीत असे. एकच गुणकारी जीवाणू हाती लागावा, अशी त्यामागची कल्पना होती.

त्याच सुमारास त्यांनी आर्डर्न व लॉकेट यांना हवेचे प्रयोग करण्यास सुचविले. पहिल्या खेपेस पाण्यातील अमोनियाचे पूर्ण नायट्रीकरण होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. मात्र तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यावर पुनःपुन्हा नवे मैलापाणी घातले असता हा काळ अखेर एका दिवसाच्या आत आला. हे निष्कर्ष ३ एप्रिल १९१४ रोजी मांडले गेले. गाळात एक नव्हे, अनेक प्रकारचे जीवाणू एकत्र नांदतात. काही सेंद्रिय द्रव्य खातात, काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही त्याचे नायट्रेट करतात. यांतील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेत वाढत नसल्याने त्यांची ओळख डीएनए तपासणी आल्यावरच पटू लागली. एम-७ मात्र मागे पडला. आर्डर्न व लॉकेट यांनी फाउलर यांचे ऋण मान्य केले होते. तरी पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख त्रोटकच आढळतो, हे अन्यायाचे म्हणावे लागेल.

भारतातील कार्य

१९१६ मध्ये फाउलर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. ही संस्था जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून उभी राहिली होती. जमशेदपूर येथील सक्रिय गाळ केंद्रासही त्यांचे मार्गदर्शन लाभले. बंगळूरला त्यांनी रेगे यांच्यासह शहरी कचऱ्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. त्यांत आधीच कुजलेले खत ताज्या कचऱ्यात विरजणासारखे मिसळले जाई, म्हणजे तत्त्व गाळाचेच. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर पद्धतीवरील आपल्या १९३१ च्या ग्रंथात या प्रयोगांची दखल घेतली. पुण्यातील भैरोबा नाला येथील शुद्धीकरण केंद्र सक्रिय गाळ प्रक्रियेवरच चालते.