विरणाऱ्या आवाजाचा माग

कॅडेट मित्रांनो, वायरलेसच्या पहिल्या तासाला सेट उघडण्याआधी मी फळ्यावर एक नाव लिहितो: एडवर्ड ॲपलटन. का, ते आज सांगतो.

ॲपलटन यांचा जन्म 6 सप्टेंबर 1892 रोजी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरात झाला. घर साधं, वडील गोदामात कामाला. हुशारीच्या बळावर ते केंब्रिजला पोहोचले. पहिलं महायुद्ध पेटताच ते सैन्यात गेले. आधी वेस्ट रायडिंग रेजिमेंट, मग रॉयल इंजिनिअर्स. तिथे वायरलेसशी पडलेली गाठ आयुष्यभर सुटली नाही.

त्या काळी रात्री दूरच्या रेडिओ केंद्राचा आवाज चढायचा, विरायचा, पुन्हा यायचा. ऐकणारे वैतागत. ॲपलटन यांनी त्या विरण्यालाच मोजपट्टी केलं. एक लहर जमिनीलगत येते आणि दुसरी आकाशातून परतते. दोन्ही जुळल्या की आवाज चढतो, विरोधात गेल्या की बसतो, हा त्यांचा विचार. 11 डिसेंबर 1924 च्या रात्री बोर्नमथच्या बीबीसी केंद्रातून फ्रिक्वेन्सी हळूहळू बदलत लहरी सोडल्या गेल्या. ऑक्सफर्डला ॲपलटन आणि त्यांचा विद्यार्थी माइल्स बार्नेट चढउतार मोजत बसले. सुमारे 90 किलोमीटर उंचीवरून लहर परतत असल्याचं हिशेबात निघालं. आयनोस्फियरचा पुरावा हाती आला. पुढे त्यांना त्याहून वरचा थरही सापडला.

1946 मध्ये त्यांनी एक कोडं मांडलं. सूर्य डोक्यावर असतो त्या चुंबकीय विषुववृत्तावर वरच्या थरात इलेक्ट्रॉन सर्वात जास्त हवेत. पण तिथे ते कमी, आणि उत्तर-दक्षिणेला जास्त! कारण असं, की दिवसा तिथलं विद्युत क्षेत्र प्लाझ्मा वर उचलतं आणि मग तो कारंज्यासारखा दोन्ही बाजूंना उतरतो. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणजे हे कारंजं आपल्याच डोक्यावर आहे. 1947 मध्ये ॲपलटन यांना नोबेल मिळालं. 1949 पासून ते एडिनबरा विद्यापीठाचे प्रमुख होते. 21 एप्रिल 1965 रोजी ते गेले.

आता माझी गोष्ट. जानेवारी 2009 मध्ये मी दक्षिणेत ड्युटीवर होतो. सकाळी खणखणीत चालणारी एचएफ लिंक दुपारी बसायची. ऑपरेटर पोरगा सांगत होता की सेट ठीक आहे, एरियल ठीक आहे. सूर्यही शांत होता, म्हणून दोष आकाशाचा नाही असं मी धरून चाललो. त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि तीन वेळा सेट खोलायला लावला. सेटमध्ये काहीच निघालं नाही.

पुढे वाचनात आलं, की त्याच महिन्यात उत्तर ध्रुवावरचं स्ट्रॅटोस्फियर काही दिवसांत कित्येक अंशांनी तापलं होतं. अशी अचानक तापणूक 1952 मध्ये बर्लिनला शेरहाग यांनी प्रथम टिपली होती. खालून वर चढणाऱ्या महाकाय वायुलहरी ध्रुवावरचा भोवरा मोडतात. त्याने वातावरणातल्या भरती-ओहोटीची लय बदलते आणि शंभरेक किलोमीटरवरचे वारे बदलतात. त्या वाऱ्यांतूनच विषुववृत्तावरचं विद्युत क्षेत्र तयार होतं. म्हणून अशा दिवसांत कारंजं सकाळी जोरात उसळतं आणि दुपारी मंदावतं. इलेक्ट्रॉन कमी पडले की सकाळी परतणारी फ्रिक्वेन्सी दुपारी थर भेदून थेट अवकाशात निघून जाते. सूर्य शांत असल्यामुळेच 2009 मध्ये हा परिणाम शास्त्रज्ञांना इतका स्पष्ट दिसला.

आमची लिंक त्यानेच बसली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या पोराची चूक नव्हती, हे नक्की. दुपारी फ्रिक्वेन्सी उतरवून पाहा, एवढं सांगायला मला सुचलं नाही. हे समजलं तेव्हा त्याची बदली झाली होती. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

म्हणून फळ्यावर ते नाव असतं. उद्या तुमच्या हाताखाली जवान असतील. लिंक तुटली तर सेट तपासा, एरियल तपासा, लॉगबुकातल्या वेळा पाहा आणि वर आकाशाचाही विचार करा. जवानाला बोल लावायची वेळ आलीच, तर ती सगळ्यात शेवटी येऊ द्या.