खटला चार वर्षांचा, नोकरी पस्तीस वर्षांची

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटाची बैठक संपली आणि चहा येईपर्यंत बायकांच्या गप्पा कामावर घसरल्या. कुणी धुणीभांडी करणारी, कुणी शिवणकाम करणारी, एक जण बावीस वर्षं एका दवाखान्यात आया होती. प्रत्येकीला पगार बुडवणारं एखादं घर अगदी तारीखवार आठवत होतं. आयाबाईंना मात्र बोलतं करावं लागलं. बावीस वर्षांत सांगण्यासारखं काय घडलं, असंच त्या म्हणत राहिल्या. घरी येताना रिक्षात मला डॉ. रखमाबाई आठवल्या. त्यांच्या बाबतीत हे आपण सगळ्यांनी मिळून केलंय. त्यांच्यावरचा खटला लक्षात ठेवला आणि त्यांची नोकरी विसरलो.

रखमाबाईंचा जन्म १८६४चा, मुंबईचा. आई जयंतीबाई लहान वयातच विधवा झाल्या. सुतार समाजात पुनर्विवाहाला मोकळीक होती. त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. रखमाबाईंना मिळालेले हे दुसरे वडील मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. औषधं, पेशंट, पुस्तकं हे सगळं त्या मुलीने घरातच पाहिलं. तरीही काळ तो होता, त्यामुळे अकराव्या वर्षी तिचं दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागलं. ती सासरी नांदायला मात्र गेली नाही. माहेरीच राहून वाचत, शिकत मोठी झाली.

१८८४मध्ये दादाजींनी कोर्टात दावा लावला, बायकोने नांदायला यावं म्हणून. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी डॉ. सखाराम अर्जुन वारले. डोक्यावरचं छत्र गेलं आणि बाहेर गदारोळ उठला. लोकमान्य टिळकांचा ‘केसरी’सुद्धा त्यांच्या विरोधातच होता. रखमाबाईंनी ‘अ हिंदू लेडी’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहून बालविवाहाने मुलींचं काय होतं ते मांडलं. अपिलात पहिला निकाल फिरला आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. पुढे १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचं वय दहावरून बारा झालं, त्यामागे ज्या गोष्टी होत्या त्यात हा खटलाही होता.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक असते. मला सांगायचंय ते पुढचं.

त्या मार्चमधल्या हुकमाच्या काही दिवस आधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट बघत होती, पण एक दिवसही त्यांना ती नोकरी करता आली नाही. आणि अगदी त्याच सुमाराला मुंबईत दुसरी एक बाई डॉक्टर व्हायचं मनात धरून होती आणि तिच्यापुढे तुरुंग होता.

तिच्या मदतीला धावल्या त्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. त्यांनी धीर दिला, पैसे जमवायला हात लावला. १८८९मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकल्या, रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये अनुभव घेतला. डॉक्टर होऊन परतल्या आणि १८९५च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलात रुजू झाल्या. तेव्हा वय तिशीचं.

मैत्रिणींनो, ही नोकरी कशी असेल याचा जरा विचार करा. बाई मरेल पण परपुरुष डॉक्टरला हात लावू देणार नाही, असा तो काळ. अडलेली बाळंतीण सुईणीच्या हातात, आणि हात धुवायला हवेत हे सुईणीला कुणी सांगितलेलं नाही. वर्षभरात मुंबईत प्लेग आला आणि गुजरातेतही पसरला. १९००च्या आगेमागे छप्पनिया दुष्काळ पडला. अशा दिवसांत दवाखान्याची डॉक्टरीण असणं म्हणजे घड्याळाकडे न बघता करायचं काम.

१९१८मध्ये त्यांना विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याबद्दल विचारणा झाली. त्यांनी नकार दिला आणि राजकोट संस्थानातल्या स्त्रियांच्या हॉस्पिटलचं काम पत्करलं. निवृत्त झाल्या त्या १९३०च्या आसपास. म्हणजे सुरत आणि राजकोट मिळून साधारण पस्तीस वर्षं. पुन्हा लग्न केलं नाही. १९०४मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. ज्या लग्नासाठी तुरुंगात जायला तयार होती, त्याच लग्नाचं पांढरं नेसणारी ही बाई मला अजून पुरती उमगलेली नाही. आपल्या सोयीच्या चौकटीत ती बसत नाही, एवढं खरं.

काम थांबलं तरी विचार थांबला नाही. पडदा पद्धत का जायला हवी, यावर त्यांनी १९२९मध्ये पुस्तिका काढली. पडद्याआडचे आजार जिने आयुष्यभर तपासले तिचंच ते म्हणणं होतं, नुसत्या सुधारकी उत्साहाचं नव्हे. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

खटल्याच्या फायली राहिल्या, निकाल छापले गेले, त्यावर पुस्तकं झाली, २०१६मध्ये सिनेमाही आला. पस्तीस वर्षांच्या नोकरीमागे काय राहिलं? सुरत-राजकोटकडे कितीतरी घरांत सुखरूप बाळंत झालेल्या पणज्या होऊन गेल्या असतील, आणि त्यांच्या नातवंडांना डॉक्टरीणबाईंचं नावही माहीत नसेल. लढाई त्यांच्यावर लादली गेली होती. काम मात्र त्यांनी स्वतः निवडलं होतं.

पुढच्या बैठकीत आमच्या आयाबाईंना मी पहिल्यांदा बोलायला लावणार आहे. बावीस वर्षांत किती बाळांना त्यांनी पहिली आंघोळ घातली, तेवढंच विचारीन. आकडा त्यांच्यापाशी नसेलच. पण मोजायला तरी बसू.