जुन्या गाडीचा एसी आणि थॉमस मिजली

देऊळघाटहून निघून बुलढाणा ओलांडला आणि राजूर घाट उतरून मोताळा-मलकापूरच्या बाजूला लागलं, की एप्रिल-मे महिन्यात हवा एकदम बदलते. वर डोंगरावर सुसह्य वाटणारा उन्हाळा खाली पूर्णेच्या खोऱ्यात भट्टीसारखा भासतो. अशा वेळी घरात जपून ठेवलेली नव्वदच्या दशकातली गाडी बाहेर काढली, एसी चालू केला आणि नुसतीच गरम हवा आली, तर मेकॅनिक बॉनेट उघडून पहिला प्रश्न विचारतो: यात गॅस कुठला, बारा की एकशे चौतीस? हा बारा नंबरचा गॅस, म्हणजे आर-१२, ज्यांच्या प्रयोगशाळेत जन्मला त्यांचं नाव थॉमस मिजली.

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स गावी झाला. वाढले ओहायोतल्या कोलंबसमध्ये. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. रसायनशास्त्र ते नोकरीत शिकले. १९१६ मध्ये डेटन इथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत ते दाखल झाले. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्सकडे गेली. तिथे त्यांना पहिलं मोठं काम मिळालं ते इंजिनाच्या ठोक्यांचं. चढावर गाडीचं इंजिन नॉक करतं, तो आवाज आणि वाया जाणारी ताकद थांबवायची होती. शेकडो पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी उत्तर सापडलं: टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग. चिमूटभर घातलं तरी इंजिन शांत.

शिसं विषारी असतं हे तेव्हा नवीन नव्हतं. रोमन काळापासून माहीत होतं. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं हे मिजली यांना ठाऊक होतं, त्यांनी तो प्रयोगही केला होता. पण अल्कोहोल कोणीही बनवू शकतं, त्यावर पेटंटचा पैसा मिळत नाही. (शंभर वर्षांनी आपल्या पंपांवर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आहे, हा योगायोग गमतीचा आहे.) कंपनीने आपल्या मालाला ‘इथाइल’ असं नाव दिलं आणि शिसं हा शब्द जाहिरातीतून गाळला. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजली शिशाच्या विषबाधेमुळे फ्लोरिडात विश्रांतीला गेले होते. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर तेच रसायन हातावर ओतून घेतलं आणि सुमारे मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत न शोभणारा प्रसंग. आजारी पडून आलेल्या माणसाला ते निर्धोक नाही हे समजत नव्हतं, असं म्हणता येत नाही. भारतात शिसंयुक्त पेट्रोल देशभरातून बंद व्हायला फेब्रुवारी २००० उजाडला, आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया २०२१ मध्ये थांबला. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, म्हणून हे सारं महत्त्वाचं.

गॅसची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि दोन्ही एकाच पारड्यात तोलणं मला योग्य वाटत नाही. १९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असायचं. गळती झाली तर घरातली माणसं झोपेत मरत. जनरल मोटर्सच्याच फ्रिजिडेअर कंपनीला बिनविषारी, न पेटणारा वायू हवा होता. १९२८ मध्ये मिजली आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट हेन व रॉबर्ट मॅकनॅरी यांनी काही दिवसांतच या कुळातला पहिला नमुना तयार केला. त्यासाठी लागणाऱ्या रसायनाच्या जेमतेम पाच लहान बाटल्या मिळाल्या होत्या. सहज उचललेल्या पहिल्या बाटलीपासून केलेल्या वायूत गिनीपिग मजेत राहिला. दुसऱ्या बाटलीच्या वेळी प्राणी मेला. तपासल्यावर कळलं, की एक सोडून सगळ्या बाटल्या अशुद्ध होत्या आणि त्यातून फॉस्जीन हा घातक वायू तयार होत होता. पहिल्यांदाच चुकीची बाटली हाती आली असती, तर बहुधा हे संशोधन तिथेच संपलं असतं. १९३० मध्ये अटलांटा इथे रसायनतज्ज्ञांच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली. या वेळी दाखवलेलं खरं होतं: वायू जळत नव्हता, माणसाला बाधत नव्हता. जमिनीपासून पंचवीस किलोमीटर वर त्याचं काय होतं, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानीमनी नव्हतं.

पुढे सन्मान आले. १९४० मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि पाय गेले. पलंगावरून उठता यावं म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा स्वतः तयार केली. १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला त्याच दोऱ्यांत गळा आवळला जाऊन त्यांचा मृत्यू झाला. अधिकृत नोंद आत्महत्येची आहे.

तीस वर्षांनी, १९७४ मध्ये, मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवलं, की हे वायू विरत नाहीत. ते वर चढतात, अतिनील किरणांत फुटतात आणि सुटलेला क्लोरीनचा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख रेणू मोडू शकतो. ओझोन पातळ झाला की त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जाहीर झालं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. आपल्याकडे १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांत हे वायू वापरायला बंदी आली. दम्याच्या पंपांना तेवढी सवलत होती.

आता बॉनेटकडे. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला त्याची झळ नाही. पण जुन्या गाडीत तो नुसता भरून चालत नाही. आर-१२ बरोबर कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असतं. ते नव्या वायूत मिसळत नाही, पाइपमध्ये मागे राहतं आणि कोरडा पडलेला कॉम्प्रेसर जाम होतो. म्हणून जुनं तेल काढून एस्टर तेल घालावं लागतं. ओलावा शोषणारा ड्रायर बदलायचा, रबरी ओ-रिंग बदलायच्या, गॅस भरायच्या तोंडावर नव्या मापाचे जोड बसवायचे, किमान अर्धा तास व्हॅक्यूम करायचं. नवा गॅस जुन्याच्या वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच भरायचा, कारण उन्हाळ्यात त्याचा दाब जास्त चढतो. कंडेन्सरवरचा पंखा मरगळलेला असेल तर मलकापूरच्या उन्हात कितीही गॅस भरला तरी गारवा येत नाही. दोन गॅस एकत्र करायचे नाहीत. स्वस्तात पडतो म्हणून एलपीजी भरणारेही भेटतात. तो केबिनमध्ये गळला तर एक ठिणगी पुरते, तिथे तडजोड नको.

आणि जुना आर-१२ हवेत सोडायचा नाही, यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा. तो वातावरणात सुमारे शंभर वर्षं टिकतो. आर-१३४ए साधारण चौदा वर्षांत विरतो, पण तापमानवाढीच्या हिशेबात तोही कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट जड आहे. किगाली कराराप्रमाणे भारत २०३२ पासून त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करणार आहे. त्यामुळे काम झाल्यावर कुठला गॅस, कुठलं तेल आणि किती ग्रॅम भरलं, याची चिठ्ठी बॉनेटच्या आतून चिकटवून घ्या. पुढचा मेकॅनिक ती वाचूनच पाना उचलेल.