बाळंतिणींचा कैवारी डॉक्टर सेमेलवाइस

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा ते लिहिण्याचे काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे सोपवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणाल तर किराणामालाची यादी आणि भिशीचा हिशेब, एवढाच. तरी मी हो म्हटले, कारण ज्यांच्याविषयी लिहावे असे मनात होते त्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्या जणींनी ऐकले असेल. उपकार मात्र इस्पितळात बाळंत झालेल्या प्रत्येकीवर आहेत. माझी थोरली मुलगी नर्सिंग शिकते. तिच्या पुस्तकात त्यांची हकिगत होती. तिने ती मला समजावून सांगितली, मग मी वाचनालयातून आणखी मिळवून वाचले. ते सारे माझ्या साध्या भाषेत सांगते.

त्यांचे नाव इग्नाझ सेमेलवाइस. युरोपात हंगेरी नावाचा देश आहे. तेथील बुडा या गावी 1 जुलै 1818 रोजी त्यांचा जन्म झाला. बुडा आणि नदीपलीकडचे पेस्ट ही गावे पुढे एक होऊन त्यांचे बुडापेस्ट झाले. वडिलांचे किराणा व मसाल्याचे दुकान होते आणि घरात पुष्कळ भावंडे होती. मुलाने वकील व्हावे म्हणून 1837 मध्ये त्याला व्हिएन्नाला पाठवले. पण वर्षभरातच त्याचे मन वैद्यकीकडे वळले. 1844 मध्ये सेमेलवाइस डॉक्टर झाले आणि 1 जुलै 1846 रोजी, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळातील प्रसूतिविभागात साहाय्यक डॉक्टर म्हणून रुजू झाले.

त्या काळी पैसेवाल्या बायका घरीच बाळंत होत. इस्पितळात येत त्या गोरगरीब, मोलकरणी आणि लग्नावाचून दिवस राहिलेल्या मुली. तेथे खर्च लागत नसे आणि मुलाला अनाथालयात ठेवण्याची सोय असे. त्याच्या मोबदल्यात शिकाऊ मंडळींनी आपल्याला तपासावे, हे त्यांना मान्य करावे लागे. प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी शिकत. भरतीचे वार वाटून दिलेले होते. आज येणारी पहिल्या विभागात, उद्या येणारी दुसऱ्यात.

आणि भगिनींनो, कळा कोणत्या वारी सुरू होतात यावर त्या बाईचे जगणे-मरणे ठरे! 1846 या एका वर्षात पहिल्या विभागात 4,010 बाळंतपणे झाली आणि त्यांतल्या 459 बायका दगावल्या. म्हणजे शंभरात अकराहून जास्त. त्याच वर्षी सुइणींच्या विभागात 3,754 बाळंतपणे झाली आणि 105 बायका गेल्या. शंभरात पुरत्या तीनही नाहीत. दुखणे एकच, बाळंतज्वर. बाळ सुखरूप जन्मे, आई हसे, आणि दोन-तीन दिवसांत थंडी भरून ताप चढे, पोट फुगे आणि ती जाई. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पहिल्या विभागात घालू नका म्हणून बायका गुडघे टेकून, हात जोडून विनवीत. काही तर वाटेतच, रस्त्यावर मोकळ्या होत आणि मग इस्पितळात येत. नवल असे की रस्त्यावर बाळंत झालेल्यांना हा ताप क्वचितच येई.

सेमेलवाइसांच्या मनाला हे फार लागले. मोठमोठे प्राध्यापक सांगत की हवेतच दोष आहे. सेमेलवाइसांचा प्रश्न सरळ होता : दोन विभागांत एका भिंतीचे अंतर, मग हवा निराळी कशी? गर्दीमुळे म्हणावे, तर जास्त गर्दी सुइणींच्या विभागात, कारण सगळ्या तिकडेच धाव घेत. मरणाऱ्या बाईसाठी धर्मगुरू येई, त्याच्यापुढे घंटा वाजवीत सेवक चाले. त्या आवाजाने बायका घाबरून आजारी पडतात की काय, म्हणून घंटा बंद केली आणि त्याला दुसऱ्या वाटेने आणले. काही फरक पडला नाही. सुइणी बाईला कुशीवर ठेवून मोकळी करीत, तसेही करून पाहिले. तेही फुकट गेले.

एक गोष्ट त्यांना फार खटकत होती. जिच्या कळा दिवस-दोन दिवस लांबत, ती पहिल्या विभागात हमखास या तापाने जाई. सुइणींकडे मात्र वेळ लागला तरी बाई सुखरूप राही. आपण साऱ्या जाणतोच की वेळ लागतो तो पहिलटकरणीला. म्हणजे ज्या पोरीला काहीच अनुभव नाही, जी आधीच भेदरलेली आहे, तीच सर्वांत जास्त मरत होती. असे का, हे त्यांना उलगडत नव्हते.

उलगडा झाला तो एका मित्राच्या मृत्यूने. 1847 च्या मार्च महिन्यात सेमेलवाइस व्हेनिसला विश्रांतीसाठी जाऊन परतले तो त्यांना कळले की त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले. प्रेताची चिरफाड शिकवताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि ताप येऊन ते गेले. त्यांच्या शवतपासणीचा अहवाल वाचताना सेमेलवाइसांच्या ध्यानात आले की हे सारे बाळंतज्वराने गेलेल्या बायकांसारखेच आहे. मग बाकीचे आपोआप जुळले. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेते चिरीत आणि तसेच उठून बाळंतिणींना तपासायला येत. साबणाने हात धुतले तरी प्रेताचा वास हाताला राही. सुइणी प्रेतांना हात लावीत नसत. रस्त्यावर मोकळी झालेली तपासणीतून सुटे. आणि पहिलटकरणीच्या कळा जितक्या लांबत, तितके जास्त विद्यार्थी तिला तपासत, तितके जास्त हात तिला लागत. विष हवेत नव्हते, ते वाचवणाऱ्यांच्याच हातांवर होते.

या शोधाचा त्यांना आनंद झाला असेल का? मला नाही वाटत. शिकण्याच्या हौसेने त्यांनी स्वतः इतरांपेक्षा जास्त प्रेते तपासली होती आणि जास्त बायका तपासल्या होत्या. आपल्या हातून किती जणी गेल्या असतील ते एका देवालाच ठाऊक, हे दुःख त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात उघडपणे लिहून ठेवले. मला हा माणूस मोठा वाटतो तो येथे. दुसऱ्याच्या हाताकडे बोट सगळेच दाखवतात, पण त्यांनी आपले हात आधी पाहिले.

1847 च्या मे महिन्याच्या मध्यावर त्यांनी विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याचे पात्र ठेवले. पुढे स्वस्त पडावी म्हणून विहिरीत टाकतात तसली ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून वापरू लागले. हाताचा वास जाईपर्यंत घासून धुतल्याखेरीज कोणी बाळंतिणीला शिवायचे नाही, असा कडक नियम केला. त्या एप्रिलमध्ये 312 बाळंतपणांत 57 बायका गेल्या होत्या. जूनमध्ये 268 त 6 आणि जुलैत 250 त 3. पुढच्या 1848 या सबंध वर्षात 3,556 बाळंतपणांत 45 च मृत्यू झाले आणि दोन महिने तर असे गेले की एकही बाई दगावली नाही. कसले औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. फक्त पाणी, पावडर आणि शिस्त.

मध्ये एकदा धक्का बसला. ऑक्टोबर 1847 मध्ये एका खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग झालेली बाई होती. तिला तपासून डॉक्टर नुसत्या साबणाने हात धुऊन पुढच्या बाळंतिणींकडे गेले. त्या बारा जणींपैकी अकरा जणी दगावल्या. तेव्हापासून प्रेताला हात लावल्यावरच नव्हे, तर दर बाईनंतर हात धुण्याचा नियम झाला.

हे वाचताना मला माझे पहिले बाळंतपण आठवले. संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. त्या लांबलचक रात्री सिस्टर मला किती वेळा तपासून गेली, त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी आधी नळ सुरू झाल्याचा आवाज येई. ती कोपरापर्यंत हात धुई, नवे हातमोजे चढवी आणि मगच मला हात लावी. शेजारच्या खाटेवरून माझ्याकडे येताना पुन्हा तेच. कळांनी मी बेजार होते, माझी आई बाहेर जप करीत बसली होती. आम्हा दोघींना काय ठाऊक की त्या नळाच्या पाण्यामागे व्हिएन्नातल्या शेकडो पोरींचे मरण उभे आहे! शंभर-दीडशे वर्षे आधी त्या विभागात असते तर मी आणि माझ्यासारख्या पहिलटकरणी सर्वांत आधी गेल्या असत्या.

एवढे दिसल्यावर सगळ्या जगाने सेमेलवाइसांना डोक्यावर घ्यायला हवे होते. पण तसे घडले नाही. आपल्याच हातांनी बायका मारल्या, हे ऐकून घेणे भल्याभल्यांना जड गेले. काही मित्र मात्र पाठीशी उभे राहिले. कील शहरातले डॉक्टर मिखाएलिस यांना हे पटले, पण आपण तपासलेली आपल्याच नात्यातली एक बहीण या तापाने गेली होती, हे दुःख त्यांना सोसवले नाही आणि 1848 मध्ये त्यांनी आपला जीव दिला. बाकीचे बहुतेक हसले किंवा रागावले. सेमेलवाइसांचे वरिष्ठ प्राध्यापक क्लाइन त्यांच्यावर नाराज होते. मार्च 1849 मध्ये मुदत संपली ती वाढवून मिळाली नाही. सेमेलवाइसांचेही थोडे चुकले. बोलणे तिखट, लिहिण्याचा कंटाळा, त्यामुळे आपले म्हणणे त्यांनी वेळेवर नीट छापले नाही. ऑक्टोबर 1850 मध्ये मित्रांचा निरोपही न घेता ते हंगेरीला निघून गेले.

पेस्टच्या सेंट रोकुस इस्पितळात 1851 पासून सहा वर्षे त्यांनी बाळंतिणी सांभाळल्या. 933 बाळंतपणांत तापाने गेल्या त्या फक्त 8 जणी. 1855 मध्ये ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1857 मध्ये त्यांचे लग्न झाले. पाच मुले झाली, त्यांपैकी दोन तान्हेपणीच गेली. 1861 मध्ये अखेर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, पण त्याचाही अव्हेर झाला. मग त्यांचा धीर सुटला. ऐकत नाहीत त्या प्राध्यापकांना ते उघड पत्रे लिहून खुनी म्हणू लागले. मन बिघडत गेले. जुलै 1865 मध्ये काही निमित्त सांगून त्यांना व्हिएन्नाला नेले आणि वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. तेथे त्यांना मारहाण झाली असे इतिहासकार सांगतात. जखम चिघळून विष रक्तात भिनले आणि 13 ऑगस्ट 1865 रोजी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते वारले. ज्या विषापासून त्यांनी बाळंतिणींना वाचवले, त्याच जातीच्या विषाने त्यांना नेले.

आदल्याच दिवशी, 12 ऑगस्टला, ग्लासगोमध्ये डॉक्टर लिस्टर यांनी एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधून ती चिघळू दिली नाही. पुढे 1879 मध्ये पाश्चर यांनी बाळंतज्वराचे जंतू दाखवून दिले. मग कुठे सेमेलवाइसांचे म्हणणे जगाला पटले. आज बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि त्यांच्या जन्मघरात संग्रहालय आहे.

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाळंतिणीला दहा दिवस सोयर पाळतात. तिला शिवायचे नाही, तिचे भांडे निराळे. सेमेलवाइसांनी दाखवून दिले की विटाळ तिचा नसतो, विटाळ घेऊन येतो तो बाहेरून येणारा हात. आपण तिच्यापासून सोवळे राहण्यापेक्षा तिच्याजवळ जाताना आपणच सोवळे व्हावे, म्हणजे हात धुवावेत, हे खरे. बाळंतज्वर जगातून अजून संपलेला नाही. हात धुण्याची महती 2020 मध्ये करोनाने आपल्याला शिकवली, पण ती आता पुन्हा विसरत चालली आहे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण बाळंतविडा घेऊन जातो, तेव्हा डिंकाच्या लाडवांबरोबर एक साबणाची वडीही न्यावी. बाळाला घेण्याआधी ती आपणच पहिल्यांदा वापरावी, मग घरातले इतर आपोआप वापरतील. मान मिळाला नाही म्हणून खचून गेलेल्या त्या भल्या माणसाचे ऋण आपल्यासारख्या साध्या बायकांनी फेडायचे ते असेच.