विमानाला परवानगी मिळाली, ट्रकला नाही! सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची गोष्ट

जुन्या ट्रक ड्रायव्हरांच्या गप्पांत आजही डॉज आणि फार्गो ही नावं निघतात. नावं अमेरिकन, पण या गाड्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडायच्या. आणि तो कारखाना उभारणारा माणूस होता सोलापूरचा.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घरात सावकारी आणि कापसाचा धंदा. पोरानं गादीवर बसून वह्या सांभाळाव्यात, एवढीच अपेक्षा. पण त्यांचं मन तिथं रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी ठेकेदारी सुरू केली. पहिलं काम घराजवळचंच, बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचं. पुढे बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खोदण्यापर्यंत मजल गेली.

मग समुद्र. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा जहाजांचा तुटवडा होता. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं लॉयल्टी हे जहाज विकायला निघालं आणि वालचंद व त्यांच्या भागीदारांनी ते घेतलं. सिंदिया कंपनीचं हे जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनकडे निघालं. 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन झाला तो यामुळंच. ब्रिटिश कंपन्यांनी भाडं पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला, पण कंपनी टिकली.

खरी रखडपट्टी झाली ती मोटारीच्या बाबतीत.

भारतात मोटार कारखाना काढायची योजना सर विश्वेश्वरय्यांनी आधीच मांडली होती. वालचंद यांनी ती उचलली आणि 1939 मध्ये थेट अमेरिका गाठली. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, क्रायस्लरशी जमली. आता हवा होता फक्त सरकारचा हात. दुसरं महायुद्ध पेटलं होतं, लष्कराला ट्रक लागतच होते. तरीही सरकारनं हा कारखाना युद्धासाठी गरजेचा मानायला नकार दिला. ट्रक परदेशातूनच येत राहिले.

गंमत बघा, याच दौऱ्यात त्यांची एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. म्हणजे विमान चाललं, ट्रक नाही! विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणीही 1941 मध्ये झाली.

ट्रकचा नाद मात्र त्यांनी सोडला नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. तोवर इंग्रज निघायच्या तयारीत होते. सुरुवातीला सुटे भाग आणून जोडणी व्हायची, मग हळूहळू इथंच भाग बनू लागले. टाटांचा मर्सिडीज-बेंझ ट्रक 1954 ला आला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांना माहीत असलेली पद्मिनीही पुढे प्रीमियरनंच बनवली.

एवढं सगळं पाहायला वालचंद मात्र नव्हते. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी ते कामातून बाजूला झाले. 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथं त्यांचं निधन झालं.